पाचारणाची पारख

जगभरातील कॅथलिक सेमिनरींमधील उमेदवारांची संख्या 2011 मध्ये सुमारे 1 लाख 20 हजार होती. 2023 अखेर ती 1 लाख 6 हजारांवर आली. चिंता स्वाभाविक आहे. पण घाईने जागा भरणे हा उपाय नव्हे. पाचारण म्हणजे केवळ तरुणाच्या मनातील ओढ नव्हे. ती चर्चने पारखायची असते. व्हॅटिकनच्या 2016 च्या मार्गदर्शिकेने त्यासाठीच एक ते दोन वर्षांचा पूर्वतयारीचा टप्पा आवश्यक ठरवला. 1983 च्या धर्मसंहितेने तर दीक्षेची सक्ती निषिद्धच मानली आहे.

सक्ती मात्र उघड असतेच असे नाही. वसईच्या मराठीभाषक ख्रिस्ती समाजात मुलगा फादर होणे आजही मानाचे. चार वर्षांनी परतलेला मुलगा गावात ‘सोडून आलेला’ ठरत असेल, तर मनात शंका असूनही तो पुढेच जात राहील.