गेटजवळ उभं असलेलं माणूस

रविवारची उपासना संपली की आवारात चहा-बिस्किटं येतात आणि आपोआप गोल तयार होतात. कॉलेजवाल्यांचा एक, आयटीवाल्यांचा एक, लहानपणापासून याच चर्चमध्ये वाढलेल्यांचा एक. आणि गेटजवळ कुणीतरी एकटं उभं असतं, मोबाईल बघत. मोबाईलमध्ये खरं तर काहीच आलेलं नसतं. तुमच्या चर्चमध्ये तरुण संघ चालवत असाल, तर सुरुवात या माणसापासून करा.

बंगळुरूत असं माणूस दर रविवारी सापडतं. अहिल्यानगर, सोलापूर, वसईहून नोकरीसाठी आलेलं. इथे इंग्रजी, कन्नड, तमिळ, मल्याळम उपासना सहज मिळते, मराठी शोधावी लागते. घरी 'उपासना संगीत'मधली गाणी पेटीवर म्हटलेली असतात. इथे गिटार आणि पडद्यावर इंग्रजी ओळी. त्यात वाईट काही नाही, पण पहिल्या दिवशी तोंड उघडत नाही. माझंही उघडलं नव्हतं.

हा एकटेपणा आजचा नाही. लंडनमध्ये कापडाच्या दुकानात काम करणारा जॉर्ज विल्यम्स असाच गावाकडून आलेला. ही पोरं मालकाच्याच जागेत राहायची, दिवसभर राबायची आणि संध्याकाळी जायला जागा नसायची. 6 जून 1844 ला दुकानातल्याच एका खोलीत बारा जण जमले आणि वायएमसीए सुरू झाली. बंगळुरूत नृपतुंगा रोडवरची वायएमसीए तुम्ही पाहिली असेल. तिचं मूळ एका पीजीच्या खोलीत आहे म्हटलं तरी चालेल!

आपल्याकडचं उदाहरण हवंय? 1907 मध्ये जळगावला कविसंमेलन झालं, तिथे बालकवी ठोंबरे गाजले. वय सतराच्या आसपास. पुढे ते अहमदनगरला रेव्हरंड टिळकांच्या घरी राहिले. टिळक ख्रिस्ती, ठोंबरे हिंदू, आणि ते हिंदूच राहिले. पण 'स्मृतिचित्रे' वाचा, लक्ष्मीबाई त्यांच्याबद्दल घरच्या पोराबद्दल लिहावं तसं लिहितात. त्या घरात मुलाला आधी जेवायला वाढलं जायचं, बाकीचं नंतर.

आता आपल्या संघाकडे येऊ. नव्या माणसाला पुढे उभं करून हातात माईक देऊ नका. लाजाळू माणूस त्या एका मिनिटामुळे पुढच्या रविवारी येत नाही. त्यापेक्षा एकाने शेजारी बसावं, गाण्याचं पान दाखवावं, नाव विचारावं आणि पुढच्या वेळी ते लक्षात ठेवावं. व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये अॅड केलं म्हणजे स्वागत झालं, असंही नाही. दोनशे मेसेजमध्ये माणूस हरवतं. त्याला एकट्याला एक मेसेज करा.

पैशांचा विषय कुणी काढत नाही, म्हणून मी काढते. नंदी हिल्सची सहल ठरते, माणशी वर्गणी ठरते आणि दोघे-तिघे "ऑफिसचं काम आहे" म्हणतात. काम नसतं, महिनाअखेर असते. अधूनमधून जवळच कुठेतरी डबे घेऊन बसा. वर्गणी लागलीच तर ती एकाच विश्वासू माणसाकडे गुपचूप द्यायची सोय ठेवा, म्हणजे कोणी दिली नाही हे बाकीच्यांना कळत नाही.

आणि वेळ पाळा. मुलींच्या पीजीचं गेट रात्री बंद होतं, शेवटी कोण कुणासोबत जाणार हे आधी ठरलेलं असावं. संघात शाळकरी मुलं असतील तर दोन मोठी माणसं हजर हवीतच, आणि सगळं पाळकसाहेबांना माहीत असावं. यात संकोच नको.

एक गोष्ट मात्र मला उशिरा समजली. नव्या माणसाला पाहुणा करून खुर्चीवर बसवलं की ते पाहुणंच राहतं. त्याला काम द्या. खुर्च्या लावणं, चहा वाटणं, काहीही.

आमच्याकडे एक मुलगी दोन रविवार आली. तिसऱ्या रविवारी आली नाही, चौथ्याही नाही. आमच्या लक्षात यायला महिना गेला. फोन केला तर कळलं, टायफॉईड होऊन पीजीत पडून होती आणि सूप आणून द्यायलाही कुणी नव्हतं. बरी झाल्यावर ती आमच्याकडे परत आली नाही. आता दुसऱ्या चर्चमध्ये जाते. तिथे पहिल्याच रविवारी कुणीतरी तिला म्हणालं, "ताई, जरा ही खुर्ची धरता का?"