तिच्या पावलाचे माप

ब्रिटिश राजवटीसोबत आलेले पादत्राणांचे क्रमांक आपण आजही वापरतो. त्यांना भारतीय पर्याय देण्यासाठी चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशाच्या पाच विभागांत एक लाखाहून अधिक व्यक्तींच्या पावलांचे त्रिमितीय मोजमाप घेतले आणि त्यातून ‘भा’ ही मापनपद्धती सुचवली. भारतीय पाऊल युरोपीय पावलापेक्षा रुंद असते. पावलाची वाढ मुलींमध्ये अकराव्या, तर मुलांमध्ये पंधराव्या-सोळाव्या वर्षाच्या सुमारास शिगेला पोहोचते, असे त्यात आढळले. हे काम स्वागतार्ह आहे. मात्र यंत्रापुढे स्थिर ठेवलेले पाऊल आणि दिवसभर ओझे वाहणारे पाऊल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसऱ्या पावलाचे मोजमाप आता शक्य झाले आहे. बुटाच्या आतील पातळ तळव्यात बसवलेले संवेदक टाच, चवडा आणि बोटे यांवरील दाब प्रत्येक पावलागणिक नोंदवतात. स्त्रियांच्या दृष्टीने ही सोय विशेष मोलाची आहे. स्त्रीचे पाऊल म्हणजे पुरुषाच्या पावलाची लहान आवृत्ती नव्हे. लांबी समान असली तरी कमान, टाच आणि अंगठ्याकडील भाग यांची ठेवण निराळी असते. उंच टाचेमुळे भार चवड्याकडे सरकतो. गरोदरपणात वजन वाढते, अस्थिबंध सैलावतात, कमान खाली बसते आणि काही जणींच्या बाबतीत ती पूर्ववत होत नाही. तरीही स्त्री-पुरुषांच्या पावलांवरील दाबाविषयीचे निष्कर्ष सर्वत्र एकसारखे नाहीत. वजन, वय, चालण्याचा वेग आणि पादत्राण यांनुसार ते बदलतात. म्हणूनच मोजमाप कोणाचे घेतले, हा प्रश्न कळीचा ठरतो.

प्रयोगशाळेतील गुळगुळीत जमिनीवर, बंद बुटांत, काही मिनिटे चालणारी व्यक्ती ही भारतीय कष्टकरी स्त्रीची प्रतिनिधी नव्हे. ५० किलो वजनाच्या स्त्रीने डोक्यावर २० किलोंचे ओझे घेतले की पावलांवरचा भार ४० टक्क्यांनी वाढतो. तळव्याचे क्षेत्रफळ मात्र जवळपास तेवढेच राहते. वीटभट्टीवर ती रबरी चपलेत असते, भातलावणीच्या चिखलात अनवाणी. बुटात घालायचे संवेदक तिच्या पावलापर्यंत पोहोचतच नाहीत.

या विषयात भारताला परंपरा नाही, असेही नाही. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या पायांचा अभ्यास करून दाखवून दिले की, जखमा केवळ रोगामुळे होत नाहीत. संवेदना हरपल्याने न जाणवणारा, वारंवार पडणारा दाब त्यांना कारणीभूत असतो. त्यातून मऊ रबराच्या तळव्याच्या साध्या, स्वस्त चपला प्रचारात आल्या. आज हाच धोका मधुमेहींना आहे, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार त्यांची संख्या १० कोटींवर आहे.

पावलांचे दुखणे हा कामगार हक्कांचाही विषय आहे. दिवसभर उभे राहून विक्री करणाऱ्या स्त्रियांच्या आंदोलनानंतर केरळने २०१८ मध्ये दुकानांतील कर्मचाऱ्यांना बसण्याचा हक्क कायद्याने दिला; २०२१ मध्ये तमिळनाडूने तोच मार्ग स्वीकारला. खुर्ची मिळवण्यासाठी ज्या देशात कायदा करावा लागतो, तेथे वेदनेचा पुरावा आकड्यांत मांडता येणे ही क्षुल्लक बाब नव्हे.

म्हणून ‘भा’च्या पुढच्या टप्प्यात स्थिर आकारासोबत चालत्या पावलावरील दाबही मोजला जावा, आणि तो स्त्रियांच्या प्रत्यक्ष कामाच्या जागी, त्यांच्या नेहमीच्या चपलांत मोजला जावा. त्यासाठी लागणारी साधने स्वस्त आणि चिखल-पाण्यात टिकणारी हवीत. मात्र एक पथ्य काटेकोरपणे पाळावे लागेल. अशी नोंद मालकाच्या हाती पडली, तर आरोग्याचे साधन पावले मोजणारा मुकादम बनेल. तेव्हा नोंदीवर पहिला अधिकार ती देणाऱ्या स्त्रीचाच राहिला पाहिजे.

जिच्या पावलांवर सर्वाधिक भार आहे, तिला वगळून ठरवलेल्या मापाला भारतीय म्हणणे धाडसाचे ठरेल.