लग्नात कोण गाणार, कोण वाजवणार?

गहू-हरभरा घरात आला की बुलढाणा जिल्ह्यात मंगल परिणयांची धांदल सुरू होते. पत्रिका छापल्या जातात, मांडव ठरतो, आचारी ठरतो. वाजवणाऱ्यांचा विचार मात्र शेवटी, आणि तोही पोरांवर सोपवून. पोरे चिखलीला नाहीतर खामगावला जातात आणि सर्वांत मोठ्या भोंग्यांचा डीजे ठरवून येतात. बापाने रोजमजुरीतून जमवलेला पैसा तीन तासांत कानठळ्या बसवून निघून जातो. भगिनींनो, यंदा हा विषय तुम्हीच आधी हाती घ्यावा असे आम्हांला वाटते.

विधीपासून सुरुवात करू. बौद्ध विवाहविधी कसा असावा, या विचारणेला बाबासाहेबांनी डिसेंबर १९५६ मध्ये, महापरिनिर्वाणाच्या तोंडावर, पत्राने उत्तर दिले होते. होम नाही, सप्तपदी नाही. वधूवरांच्या मध्ये पाण्याने काठोकाठ भरलेला मातीचा नवा घडा, दोघांच्या हाती सुताची टोके, अंगावर पांढरी वस्त्रे आणि कोणीतरी मंगलसुत्त गावे, असा साधा विधी त्यांनी सांगितला. एवढ्या थोडक्या सामानातही गाण्याला जागा आहे!

हे गाणे माणसाच्या कंठातून यावे. मोबाईलवर गाथा लावून मोकळे होण्याची खोड काही ठिकाणी शिरली आहे, ती बरी नव्हे. बौद्धाचार्यांच्या मागे म्हणणाऱ्या चार-पाच उपासिका आधीच ठरवाव्यात. वर्षावासात विहारात रोज वंदना म्हणणाऱ्या बायकांच्या जिभेवर पाली उच्चार बसलेले असतात. त्यांना फक्त कोणी विचारत नाही. या वेळी वाद्य नको. प्रत्येक गाथा संपली की मांडवाबाहेर ताशा कडाडतो, ही मंगलाष्टकांची नक्कल झाली. बॅण्डवाल्यांना सुपारी देतानाच सांगावे की शेवटचा साधुकार होईपर्यंत वाजवायचे नाही.

स्वागत समारंभाला मात्र गायन पार्टी जरूर बोलवा. हार्मोनियम, ढोलकी, खंजिरी आणि एक खडा आवाज, एवढे पुरे. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) गावोगाव फिरले, ते अशाच साध्या साथीवर. पार्टी ठरवण्याआधी तिला एखाद्या कार्यक्रमात ऐकून घ्या, आणि रमाई-सावित्रीची गाणी हवीत, चावट मुकाबला नको, हे स्पष्ट बोला. १४ एप्रिलपासून बुद्धपौर्णिमेपर्यंत चांगले गायक जयंतीच्या कार्यक्रमांत गुंतलेले असतात, म्हणून इसार फेब्रुवारीतच द्यावा. आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही, हे ध्यानात ठेवून गाणे सातलाच सुरू करा. पाहुण्यांची वाट पाहत नऊ वाजवले तर गायकाचा गळा तापतो तोच पोलीस येतात.

आता मुख्य गोष्ट. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी गावकीच्या कामांत वाजवणेही होते. दुसऱ्याच्या वरातीपुढे डफडे वाजवायचे आणि पंगती उठल्यावर लांब बसून उरलेले खायचे. १९२७ च्या महाड परिषदेनंतर अशी हलकी कामे टाकण्याची चळवळ पसरली, आणि १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर तर गावोगाव आपल्या माणसांनी डफडे खाली ठेवले. त्यापायी बलुते गेले, बहिष्कार सोसले.

आज आपल्या दारी वाजवायला येतात ते बरेचदा मातंग बांधव असतात. त्यांना आपण काय वागवतो? 'ए वाजंत्री' अशी हाक. घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याकडे मे महिन्यात सावलीतही जीव नकोसा होतो, तिथे त्यांना दुपारी दोनपर्यंत उन्हात उभे करायचे, आणि जेवायला शेवटच्या पंगतीला. ज्याच्या आजोबाने डफडे खाली ठेवले, त्या नातवाने हे करावे?

काही वडीलधारी म्हणतात, ज्या वाद्यापायी अपमान सोसला ते दारातच नको. त्यांचे दुखणे खरे आहे, त्यांच्याशी आम्ही वाद घालणार नाही. त्यांच्या घरी नुसते भीमगीतांवर लग्न करावे. पण आमच्या मते अपमान सक्तीचा होता, वाद्याचा नव्हे. मोबदला ठरवून आलेला माणूस कलावंत आहे. त्याला दादा, भाऊ म्हणावे. नवरदेव विहारात वंदनेला जातो तेव्हा वाजवणाऱ्यांनाही आत बोलवावे, दाराशी थांबवू नये. दारू पिऊन त्यांच्या अंगावर नोटा उधळणाऱ्या भाचे-पुतण्यांना मामांनी वेळीच आवरावे.

सुपारी देताना या गोष्टी कागदावर लिहून घ्या: किती वाजता यायचे, कधी थांबायचे, बसायला मांडवाची सावली, पाण्याचा माठ आणि जेवण पहिल्या पंगतीत. उरलेले पैसे त्याच दिवशी रोख द्यावेत, आणि तेही ऊन उतरण्याआधी. आपल्याकडे हिशेबाला रात्र होते, आणि तोवर त्यांच्या गावाची शेवटची एस.टी. निघून गेलेली असते.