बघ्यांचीही जबाबदारी असते

मागच्या महिन्यात आमच्या एसटी स्टँडसमोर कॉलेजची मुलं हुंड्यावर पथनाट्य करत होती. मध्येच एक गृहस्थ काम करणाऱ्या मुलीला वाटेल ते बोलू लागले. आम्ही शंभरेक जण उभे होतो. काही हसले, काहींनी मोबाईल काढले. मी गप्प राहिलो. मुलीने रडत नाटक पूर्ण केलं.

तेव्हापासून मला मरीना अब्रामोविच यांचा एक प्रयोग सारखा आठवतो. १९७४ साली इटलीतल्या नेपल्स शहरात त्या सहा तास न हलता उभ्या राहिल्या. शेजारच्या टेबलावर ७२ वस्तू होत्या. त्यांत गुलाब, पीस आणि मध होता, तशीच कात्री, पिस्तूल आणि एक गोळीही होती. यातली कोणतीही वस्तू माझ्यावर वापरा, जबाबदारी माझी, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. सुरुवातीला लोक सौम्य वागले. पुढे त्यांचे कपडे कापले, अंगावर जखमा केल्या. शेवटी भरलेलं पिस्तूल त्यांच्यावर रोखलं गेलं, तेव्हा प्रेक्षकांतल्याच काहींनी ते अडवलं. वेळ संपल्यावर त्या लोकांच्या दिशेने चालू लागल्या, तसे लोक निघून गेले. त्यांच्या नजरेला नजर द्यायची कुणाची तयारी नव्हती.

आपल्याकडचंही एक उदाहरण आहे. १ जानेवारी १९८९ रोजी दिल्लीजवळ साहिबाबादच्या झंडापूर वस्तीत 'हल्ला बोल' हे पथनाट्य चालू असताना सफदर हाश्मी आणि त्यांच्या साथीदारांवर हल्ला झाला. दुसऱ्या दिवशी सफदर गेले. ४ जानेवारीला त्यांच्या पत्नी मोलॉयश्री आणि साथीदारांनी त्याच जागी ते नाटक पूर्ण केलं. कलावंतांचं हे धैर्य आपण नेहमी सांगतो. पण त्या दिवशी ते बघायला हजारो लोक आले होते, हे सांगायचं राहून जातं. ते घरी बसले असते तर हल्लेखोरांचंच खरं झालं असतं.

रस्त्यावरच्या नाटकाला तिकीट नसतं, दार नसतं, पडदा नसतो. कलावंताच्या रक्षणाला असतात ते फक्त समोरचे लोक. म्हणून तिथे थांबलेला माणूस नुसता बघ्या राहत नाही. त्या दिवशी मी "अहो, पुरे करा" एवढंच म्हणालो असतो, तर आणखी दहा जण बोलले असते, असं मला आजही वाटतं.