नकाशातलं निळं

नातवाने पुण्याहून सायकल सहलीचा बेत पाठवला. दोन दिवस, दीडशे किलोमीटर, जवळजवळ सगळं चौपदरी महामार्गावरून. खाली लिहिलं होतं, "आजोबा, रस्ता मस्त आहे, तुम्हाला जमेल."

मी सवयीने लाल रेघ मारली. वय चौऱ्याहत्तर आणि डावा गुडघा कुरकुरतो, हे खरंच. पण माझं म्हणणं वेगळं आहे. आपल्या धाराशिव जिल्ह्यात (पूर्वीचं उस्मानाबाद, जुन्या पत्रांवर अजून तेच येतं) सायकलची वाट अंतर बघून आखू नये, पाणी बघून आखावी.

माझा बेत असा. पहिल्या दिवशी धाराशिव ते तेर, वीस-पंचवीस किलोमीटर. दुपारी तेरणेचं धरण, गोरोबाकाकांचं देऊळ, मुक्काम ओळखीच्या घरी. दुसऱ्या दिवशी ढोकीवरून येडशी, रामलिंग आणि परत. शेवटचा टप्पा तेवढा महामार्गावरून, त्याला इलाज नाही. सगळं मिळून साठ-सत्तर किलोमीटर. नातू म्हणाला, "एवढं तर आम्ही नाश्त्याआधी करतो." करत असाल बाबा.

पण खरं कारण म्हणजे तेरच्या वाटेवरचा एक पाझर तलाव. नकाशात तो बारा महिने निळा दिसतो. प्रत्यक्षात दिवाळीला निळा, होळीला मातकट, आणि अक्षय्य तृतीयेला त्यात पोरं क्रिकेट खेळतात. 1972च्या दुष्काळात सरकारी कामावर जे तलाव झाले, त्यातला हा एक. माझी आई या बांधावर मातीच्या पाट्या वाहत होती. मी बी.ए.ला होतो, सुट्टीत येऊन खडी फोडली, सुकडी खाल्ली. त्या वेळी पक्ष्यांचा विचार कुणाच्या डोक्यात असणार? आता थंडीत तिथे हिमालयापलीकडून चक्रवाक येतात. आमच्या कोरड्या मुलखातली बहुतेक ओल अशीच माणसांनी टोपल्यांनी साठवलेली आहे. महामार्गावरून ती दिसतसुद्धा नाही.

चक्रवाकाची एक गंमत सांगतो. त्याच्या जोडीचा रात्रीचा विरह मी तीस वर्षं वर्गात रंगवून सांगितला. पक्षी मात्र ओळखू आला निवृत्तीनंतर, याच तलावावर. नारिंगी अंगाची जोडी शेजारी शेजारी चरत होती. विरहाचा पत्ता नाही! आणि एक काळा पक्षी असतो, कपाळावर गोपीचंदनासारखा पांढरा टिळा. नाव वारकरी. तेरच्या वाटेवर याहून चांगली सोबत कोणती?

आता व्यवहाराचं. पाणी मागे सरकलं की काठच्या ओलीत शेतकरी गाळपेर करतात. तिथे सायकल घालू नये. पीक तुडवलं जातं, आणि वरून सुकलेल्या गाळात चाक रुततं. सायकल शंभर पावलं अलीकडे ठेवून चालत जावं; थवा उडवून फोटो काढणाऱ्यांचा मला राग येतो. वाटेभर वेड्या बाभळीचे काटे, तेव्हा पंक्चरचं सामान आणि पंप हवाच. माणशी तीन लिटर पाणी घ्यावं. तलावाचं पाणी बघायला आहे, प्यायला नव्हे.

सगळ्यात मोठी भीती उसाची. पक्ष्यांचे दिवस तेच गाळपाचे दिवस. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे दिवा असेलच असं नाही. ढोकी-येडशी रस्त्यावर म्हणून उन्हं वर आल्यावरच निघायचं आणि अंधाराआधी घर गाठायचं. सप्टेंबर 2025च्या पुराने परंडा-भूमकडे शेतांतली मातीच वाहून गेली. दुष्काळी म्हणून ओळखला जाणारा हाच जिल्हा! तेव्हा ओढ्यावरचे लहान पूल, फरशा यांची आधी चौकशी केलेली बरी.

सौ.चा विरोध आहे. तिचं म्हणणं, मोटारीने जा आणि बघून या. पण मोटार बांधाच्या अलीकडे दीड किलोमीटरवर थांबते, आणि तिथून चालायला गुडघा तयार नाही. सायकलवर तो बिचारा गप्प असतो.

नातवाने बेत मान्य केला, फक्त विचारलं, "तलावापाशी दोन तास कशाला?" मी म्हटलं, एक तास पक्ष्यांसाठी. दुसरा, तुझ्या पणजीने पाट्या कुठून कुठे वाहिल्या ते बांधावर चालून दाखवायला. त्यावर बराच वेळ फोनवर काही आलं नाही. मग आलं, "तीन तास ठेवा."

पौषात येतोय. माझ्या सायकलच्या ब्रेकचे रबर तेवढे बदलून घ्यायचे आहेत.