परतीचा पाऊस, फवारणीचा ड्रोन आणि वीज

जालना जिल्ह्यात ड्रोनने फवारणी ही आता नवलाई राहिलेली नाही. केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केलेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत देशभरातील १५ हजार महिला बचत गटांना ड्रोन देण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्यासाठी किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख रुपये साहाय्य आहे. एकरी भाड्याने फवारणी करणारे गावोगावचे तरुण वेगळेच. पण या कामाचा हंगाम आणि विजांचा हंगाम एकच आहे, याची चर्चा फारशी होत नाही.

कपाशीत बोंडअळीची फवारणी सप्टेंबर-ऑक्टोबरची. तूर कळी-फुलोऱ्यात येते तीही याच सुमारास. परतीचा पाऊस याच दिवसांत येतो. सकाळी कडक ऊन, दुपारी तीननंतर ढग, मग गडगडाट. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात विजेने २,८८७ जणांचा बळी घेतला. विजेचे बळी बहुतांशी शेतात, मोकळ्या रानात काम करणारेच असतात.

ड्रोन वीज ओढून घेतो का, हा प्रश्न मला प्रत्येक प्रात्यक्षिकात विचारला जातो. फवारणी करताना ड्रोन पिकाच्या दोन-तीन मीटर वर असतो. तेवढ्याने वीज त्याच्याकडे धावत नाही. रिमोटमधील लहरींनीही वीज येत नाही. खरा धोका आहे तो रिमोट धरून बांधावर उभ्या असलेल्या माणसाला. गुडघाभर सोयाबीनच्या सपाट रानात सर्वात उंच तोच असतो. त्यात नजर ड्रोनवर, कानात पंख्यांची घरघर. दूरचा गडगडाट ऐकूच येत नाही. म्हणून आभाळाकडे लक्ष ठेवायला सोबतचा दुसरा माणूस नेमा.

आणखी एक गोष्ट चालकाला विचारून घ्या. संपर्क तुटला की अनेक ड्रोन आधी ठरवून दिलेल्या उंचीवर चढतात आणि मग माघारी येतात. वादळापूर्वीचा सोसाट्याचा वारा सुटलेला असताना २५-३० मीटरवर गेलेला ड्रोन हाताबाहेर जातो. त्यामुळे संपर्क तुटेपर्यंत वाट पाहू नका, ढग भरून येतानाच उतरवा.

वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, काम बंद. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा सुरू करू नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजांचा इशारा देते. चालकाच्या आणि शेतमालकाच्या, दोघांच्या फोनमध्ये ते असावे. आसरा पक्क्या घरात किंवा काचा बंद केलेल्या जीप-टेम्पोत घ्या. एकटे कडुलिंबाचे झाड, उघडे पत्र्याचे शेड, ड्रोन वाहणारी उघडी तीनचाकी यांचा उपयोग नाही. आणि ड्रोन शेतात राहिला असेल तर राहू द्या. आठ-दहा लाखांचे यंत्र भिजेल म्हणून त्याच्यामागे पळत गेलेली माणसे मी स्वतः पाहिली आहेत.

माझ्या मते अडचण माहितीपेक्षा पैशाची जास्त आहे. चालकाला एकरावर पैसे मिळतात. अर्धे शेत सोडले तर उद्याची फेरी त्याच्या खिशातून जाते. शेतकरीही ‘एवढी एक टाकी उडवून टाका’ म्हणतो. कृषीच्या हिशेबानेही हे चुकीचे आहे. बहुतेक औषधांना पानावर मुरायला किमान तीन-चार तास कोरडे हवामान लागते. तासाभरात पाऊस आला तर औषध धुऊन मातीत जाते, अळी तशीच राहते आणि फवारणीचा खर्च पुन्हा करावा लागतो.

तेव्हा सौदा करतानाच बोलून घ्या: गडगडाट झाला तर झालेल्या एकरांचे पैसे लगेच, उरलेले शेत पुढच्या सकाळी त्याच दरात. फवारणी सकाळी लवकर, दव उडाल्यावर सुरू करा. पूर्ण शेताचे द्रावण एकदम कालवू नका, एका टाकीपुरतेच करा. दहा लिटरच्या टाकीत साधारण एक एकर होते. बादलीत महागडे औषध कालवून ठेवले नसेल, तर ड्रोन खाली घ्यायला कोणाचाच हात अडखळत नाही.