रानातले जनावर कोणाच्या मालकीचे?

गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी पनवेलच्या घरी भेटीस आला होता. त्याचे बिऱ्हाड अमेरिकेत, पेनसिल्व्हानिया राज्यात आहे. बोलता बोलता त्याने तिकडील हरणांच्या शिकारीची हकिकत सांगितली. नोव्हेंबरच्या अखेरीस बंदुकीच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो, ग्रामीण भागातील कित्येक शाळा त्यासाठी सुट्टी देतात, माणसे रीतसर परवाना काढून रानात जातात आणि पुढे कित्येक महिने पुरेल इतके मांस घरात साठवतात. "सर, कर्नाळ्याच्या पायथ्याचे शेतकरी रानटी जनावरांनी हैराण झाले आहेत असे तुम्हीच सांगता. मग परवाने देऊन प्रश्न मिटवून का टाकत नाहीत?" असे त्याने विचारले. प्रश्न सरळ होता, उत्तर तितके सरळ नाही. शेतकऱ्यांच्या मेळाव्यांतून आणि विधिमंडळातूनही हीच मागणी वेगवेगळ्या शब्दांत होत असल्यामुळे तिचा विचार थोड्या विस्ताराने करणे अगत्याचे आहे.

प्रथम अमेरिकेचे उदाहरण पाहू. तेथील पांढऱ्या शेपटीचे हरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धंदेवाईक शिकारीमुळे काही लाखांवर आले होते. आज त्याची संख्या तीन कोटींच्या आसपास सांगितली जाते. ही वाढ केवळ भूतदयेतून झाली नाही. शिकारीवर कडक निर्बंध आले, सोडून दिलेल्या शेतांवर पुन्हा रान माजले आणि हरणावर जगणारा लांडगा पूर्वेकडील बहुतेक राज्यांतून गोऱ्या वसाहतवाल्यांनी आधीच नाहीसा केलेला होता. परवान्यांच्या शुल्कातून, तसेच १९३७ च्या कायद्यान्वये बंदुका व काडतुसांवर बसविलेल्या करातून वन्यजीवांच्या संगोपनाचा खर्च भागतो. थोडक्यात, तेथील शिकारी हा लांडग्याच्या जागी नेमलेला बदली कामगार आहे. जेथे कळप अफाट आहे आणि मूळचा कामगार उरलेला नाही, तेथे ही व्यवस्था काही अंशी समर्थनीय ठरते.

आपल्या पनवेल तालुक्यात यांपैकी काय आहे? आपल्या रानातले हरण म्हणजे मुख्यतः भेकर. ते कळपाने राहत नाही; एकटे किंवा फार तर जोडीने, दाट झाडीच्या आश्रयाने वावरते. संध्याकाळी डोंगरावरून कुत्र्याच्या भुंकण्यासारखा आवाज येतो, तेवढीच बहुतेकांना त्याची ओळख. कर्नाळा पक्षी अभयारण्य १९६८ साली घोषित झाले. पुढे विस्तार होऊनही त्याचे क्षेत्र सुमारे १२ चौरस किलोमीटरच आहे, आणि त्याच्या पोटातून मुंबई–गोवा महामार्ग गेला आहे. अशा तुकड्या-तुकड्यांच्या रानात भेकराचा अतिरिक्त साठा कोठून येणार? शिवाय सह्याद्रीच्या या रानांतून बिबट्या अजून नाहीसा झालेला नाही. तेव्हा 'हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी शिकार' हा युक्तिवाद आपल्याकडे आणणे म्हणजे रोग नसता औषध घेणे होय.

शेतकऱ्याची तक्रार मात्र खोटी नाही. ती प्रामुख्याने भेकराविषयी नसून रानडुकराविषयी आहे. भाद्रपद–आश्विनात भाताची लोंबी भरू लागली की डुकरांचा कळप एका रात्रीत खाचर लोळवून टाकतो. वरकस जमिनीवरची नाचणी आणि वरी यांचीही तीच गत. माळ्यावर बसून रात्रभर डबे वाजवावेत, फटाके उडवावेत आणि सकाळी उठून मजुरीला जावे, हे ज्याने केले आहे त्याला वन्यजीवांच्या सौंदर्यावरील व्याख्यान ऐकविणे हा क्रूरपणा आहे. ही राखण परवडेना म्हणून अनेकांनी वरकस पड टाकली. पडीक जमिनीवर झुडपे वाढली, झुडपांत डुकरे वाढली आणि उरलेल्या शेतावरचा भार आणखी वाढला. पड टाकलेली जमीन मग दलालाच्या हाती स्वस्तात पडते, हेही आपण पाहतोच. रानडुक्कर आणि जमिनीचा दलाल यांची ही अबोल भागीदारी कोणत्याही सरकारी अहवालात सापडणार नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत येथे खर्च एकाच्या माथी आणि लाभ दुसऱ्याच्या पदरी अशी स्थिती आहे. रान टिकले तर मुंबईकराला स्वच्छ हवा मिळते, रविवारची सहल मिळते, देशाला जैवविविधता मिळते. त्या रानातील जनावरांच्या चाऱ्याचा खर्च मात्र पायथ्याचा अल्पभूधारक सोसतो. कायद्याने ही विसंगती अधिकच ठळक केली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३९ व्या कलमानुसार शिकार झालेले किंवा मरून पडलेले वन्य जनावर ही राज्य सरकारची मालमत्ता ठरते. म्हणजे जनावर मेले की सरकारचे. जिवंतपणी त्याने पीक खाल्ले तर ते कोणाचेच नाही! नुकसानभरपाईची तरतूद आहे, परंतु अर्ज, पंचनामा आणि हेलपाटे यांचा हिशेब केला तर लहान शेतकऱ्याला तिचा नाद सोडणेच परवडते.

या कायद्यामागचा इतिहासही विसरून चालणार नाही. आपल्याच जिल्ह्यातील फणसाडचे अभयारण्य एके काळी जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे रान होते; कोल्हापूर संस्थानचे दाजीपूरही तसेच. ज्यांनी हौसेसाठी मारले त्यांची राखीव राने पुढे अभयारण्ये झाली. १९७२ च्या कायद्यातही परवान्याने शिकार करण्याची सोय होती; ती १९९१ च्या दुरुस्तीने रद्द झाली. ही दुरुस्ती योग्यच होती, कारण परवाना परवडत होता तो बंदूकवाल्याला, फासकी लावणाऱ्याला नव्हे.

फासकी लावणारा म्हणजे आपला कातकरी. खैराच्या लाकडापासून कात करणारी ही जमात. तिचे नावच या व्यवसायावरून पडले. इंग्रजांच्या वनकायद्यांनी तिचे रान तोडले. त्यानंतर कोळशाच्या भट्ट्या आणि वीटभट्ट्या तिच्या नशिबी आल्या. भाताच्या बांधातील उंदीर खणून काढणारा कातकरी शेतकऱ्याचे धान्य वाचवतो, या कामाची मजुरी त्याला कोणी दिलेली नाही. तोच कातकरी ससा किंवा भेकर घेऊन सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पहिल्या परिशिष्टातील प्राण्यासाठी शिक्षा याहून जबर आहे. उचल घेऊन भट्टीवर राबणाऱ्या माणसाला लाखाचा दंड! २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचे अनेक परंपरागत हक्क मान्य केले, पण शिकारीचा हक्क त्यातून स्पष्ट शब्दांत वगळला. वन्यजीव कायद्यात अपवाद आहे तो केवळ निकोबार बेटांवरील आदिवासींच्या शिकारीच्या हक्काचा. उलट मोटारीतून प्रकाशझोत टाकत रात्री शिकारीला निघणारी मंडळी कायद्याच्या हाती किती वेळा लागतात, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

येथे दोन टोकाच्या भूमिका घेतल्या जातात. पहिली म्हणते, जनावराला 'उपद्रवी' ठरवा आणि मारा. बिहारमध्ये डिसेंबर २०१५ च्या केंद्रीय अधिसूचनेनंतर २०१६ च्या जूनमध्ये मोकामा येथे बाहेरून नेमबाज आणून दोनशेहून अधिक नीलगायी मारण्यात आल्या. त्यावरून केंद्रातील दोन मंत्र्यांत जाहीर खडाजंगी झाली. परंतु या सगळ्यात गावाने काय ठरवले, हा प्रश्न कोणीच विचारला नाही. दुसरी भूमिका म्हणते, एकाही जनावराला हात लावू नका. तिचा परिणाम असा की शेताच्या कडेने विजेची उघडी तार लावली जाते. ती तार डुक्कर, बिबट्या, गाय आणि माणूस यांत भेद करीत नाही. कायदेशीर मार्ग बंद केल्याने हत्या थांबत नाही. ती फक्त अंधारात आणि अधिक निर्घृणपणे होते.

तिसरा मार्ग आहे आणि तो लोकशाहीचा आहे. पीक नासणाऱ्या जनावराला मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार ११ व्या कलमाने वनखात्याच्या अधिकाऱ्यांना दिलेला आहेच. केरळने २०२२ मध्ये रानडुकरांच्या बाबतीत हा अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांपर्यंत नेला. वन्यजीव हा विषय १९७६ पासून समवर्ती सूचीत असल्यामुळे राज्यांनाही राष्ट्रपतींच्या संमतीने कायद्यात बदल करता येतात. माधव गाडगीळ यांच्यासारख्या जाणत्या पर्यावरणशास्त्रज्ञाने वन्यजीव कायद्याच्या एकांगीपणावर जाहीर टीका करून नियंत्रित शिकारीचा पुरस्कार केला होता. त्यांच्या सर्व निष्कर्षांशी सहमत नसलेल्यांनीही त्या टीकेतील लोकशाहीचा आग्रह गंभीरपणे घ्यावयास हवा.

माझ्या मते पनवेलपुरता कार्यक्रम असा असावा. भेकर, पिसोरी आणि इतर हरणवर्गीय प्राण्यांच्या शिकारीवरील बंदी पूर्णपणे कायम राहावी. रानडुकरांची गणना दरवर्षी गावाने आणि वाडीने वनखात्याबरोबर करावी आणि किती मारावयाची हे त्या गणनेवरून ग्रामसभेने ठरवावे. राखणीचे व गणनेचे काम रोजगार हमीच्या तत्त्वावर कातकरी तरुणांना पुऱ्या मजुरीने द्यावे; रानाची खूण त्यांच्याइतकी कोणाला कळते? मारलेल्या डुकराचे मांस पुरून टाकण्याऐवजी वाडीत आणि गावात वाटता यावे, विकता मात्र येऊ नये, अशी दुरुस्ती व्हावी. विक्री आली की बाजार आला, आणि बाजार आला की महामार्गावरील ढाब्यांची मागणी उद्या भेकरापर्यंत पोहोचेल.

ग्रामसभा म्हणजे गावातील चार धनदांडगे, असा आक्षेप येईल. तो निराधार नाही. म्हणूनच वाडीची स्वतंत्र ग्रामसभा हवी, आणि वनहक्क कायद्याने त्याला वाट ठेवलेली आहे. त्याच कायद्याच्या पाचव्या कलमाने वन्यजीव, वन आणि जैवविविधता यांच्या रक्षणाचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि बांबूचा व्यवहार त्या ग्रामसभेने चोख करून दाखविला. बांबूचा हिशेब ठेवणारी माणसे डुकरांचा हिशेब ठेवू शकणार नाहीत, असे मानण्यास आधार नाही.

येथून जवळच असलेल्या चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरावर २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला आणि आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. रान कोणाचे, हाच तेव्हाही प्रश्न होता. दरवर्षी आपण त्या हुतात्म्यांना वंदन करतो. पण त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर स्वातंत्र्यानंतर आपण काय दिले? विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट झाली, डोंगरउतारांवर बंगले उठले, आणि भेकराची हद्द दरसाल आक्रसत गेली. हरणाचा खरा शिकारी फासकीवाला नाही. तो सात-बाराच्या उताऱ्यावर सही घेऊन जातो.

माझ्या विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले की, बाबा, तुमच्याकडे हरणे फार आहेत म्हणून परवाने आहेत. आमच्याकडे हरणे थोडी आहेत आणि हक्क नसलेली माणसे फार आहेत. तेव्हा सुरुवात बंदुकीच्या परवान्यापासून नव्हे, ग्रामसभेच्या ठरावापासून झाली पाहिजे.